डायपोल सराउंड स्पीकर कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या तोंडाने लावायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्लॅटचा हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद. ६५ इंची टीव्ही ११ फुटांच्या भिंतीवर आणि त्याच्या समोरच्या भिंतीला टेकून तीन जणांचा सोफा. डावी भिंत सलग आहे. उजव्या भिंतीत, टीव्हीच्या बाजूला, बाल्कनीचा सहा फुटी सरकता काचेचा दरवाजा. जुन्या डायपोल सराउंडची, म्हणजे बाजूने आवाज देणाऱ्या स्पीकरची, एक जोडी हाताशी आहे, तिच्या मागे ‘डायपोल/बायपोल’ असा स्विच आहे. फॉल्स सीलिंगचं काम चालू आहे आणि इंटिरियरवाल्यांचं म्हणणं असं की स्पीकर मागच्या दोन कोपऱ्यांत, सीलिंगला लागून आठ फुटांवर लावावेत, म्हणजे डोळ्यांत येणार नाहीत. तिथे लावावेत का? नसतील लावायचे तर कुठे? आणि पुढेमागे ॲटमॉस (छतातूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) करायचं झालं तर आत्ताच काय सोय करून ठेवावी?

कोपऱ्यात लावू नका. डायपोलची जागा एकच: बाजूच्या दोन भिंतींवर, ऐकणाऱ्याच्या कानाच्या बरोबर रेषेत, म्हणजे दोन्हीकडे ९० अंशांवर, आणि बसल्यावर कान जिथे येतो तिथून दोन ते अडीच फूट वर. पण तुमच्या हॉलमध्ये त्याआधी एक काम करावं लागेल. सोफा मागच्या भिंतीपासून सुटा करावा लागेल. ते जमणार नसेल तर या जोडीचा डायपोल म्हणून उपयोग करण्यात अर्थ नाही. त्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

सोफ्याचा एवढा आग्रह का, ते समजायला डायपोल काय करतो ते आधी पाहू. त्यात दोन बाजूंना तोंड केलेले स्पीकरचे दोन संच असतात. एकाचं तोंड टीव्हीच्या पडद्याकडे, दुसऱ्याचं मागच्या भिंतीकडे. दोन्हींना सिग्नल एकच, पण उलट्या फेजमध्ये. एका बाजूचा कोन (स्पीकरचा हलणारा शंकू) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा आत जातो. त्यामुळे बरोबर मध्यावर, जिथे दोन्ही बाजूंचा आवाज सारख्याच वेळी पोहोचतो, तिथे ते एकमेकांना मारतात. या मुक्या पट्ट्याला नल म्हणतात. ऐकणारा त्या नलमध्ये बसतो, त्याला स्पीकरचा डबा थेट ऐकू येत नाही, आणि पुढच्या-मागच्या भिंतींवरून फिरून आलेला आवाज तेवढा कानावर पडतो. पाऊस, गर्दी, जंगल असे आवाज मग कुठल्या डब्यातून येताहेत ते बोट दाखवून सांगता येत नाही. हाच डायपोलचा हेतू आहे. थोडक्यात, तुम्ही डबा ऐकत नसता, भिंती ऐकत असता. म्हणून डब्याइतकाच भिंतींचा आणि सोफ्याचा विचार करावा लागतो.

नल ही एक रेघ नसून सपाट पडदा आहे. टीव्हीच्या भिंतीला समांतर असा, जमिनीपासून छतापर्यंत आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. या एका गोष्टीत निम्मे नियम येतात. सोफ्यावर मध्ये बसलेला आणि कडेला बसलेला, दोघेही नलमध्येच असतात, कारण ते एकाच पडद्यात डावी-उजवीकडे सरकलेले आहेत. स्पीकर वर-खाली केला तरी नल बिघडत नाही. पुढे-मागे केला की मात्र लगेच बिघडतो. तुमच्या हॉलच्या रुंदीत स्पीकरपासून कानापर्यंतचं तिरकं अंतर साधारण पावणेदोन मीटर भरेल. आदर्श डायपोल धरला तर कान नलच्या या पडद्यापासून ३० सेंमी पुढे किंवा मागे असेल तेव्हा थेट आवाज सुमारे १५ डेसिबलने दबलेला असतो. ४५ सेंमी सरकलात की सुमारे १२ डेसिबल, आणि एक मीटर सरकलात की फक्त ६. प्रत्यक्षातले स्पीकर आदर्श नसतात, त्यामुळे एक वीतभर चूक चालेल, हातभर चूक चालणार नाही, असा अंदाज ठेवा. आणि हेही लक्षात घ्या की हा सगळा खेळ काहीशे हर्ट्झच्या वरचा आहे. खालचे सूर असे उलट वाजवले तर बासच नाहीसा होईल, म्हणून बहुतेक डायपोलमध्ये वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) नेहमीसारखाच वाजतो आणि वरचा भाग तेवढा उलटसुलट असतो.

आता सोफा. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर तुमचे कान मागच्या भिंतीपासून जेमतेम ४० सेंमीवर येतात. डायपोलच्या मागच्या तोंडातून निघालेला आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो तो सुमारे १.९४ मीटर फिरून, आणि थेट अंतर १.७७ मीटर. फरक १७ सेंमी, म्हणजे अर्धा मिलिसेकंद. कानाला हे दोन वेगळे आवाज वाटतच नाहीत. नलने थेट आवाज दाबला, पण त्याच्या जागी तितकाच लवकर आणि त्याहून मोठा असा दुसरा आवाज मागच्या कोपऱ्यातून आला. परिणाम असा की स्पीकर तिथे, मागच्या भिंतीवर लावल्यासारखा ऐकू येतो, आणि तोही पोकळ.

सोफा पुढे घेऊन कान भिंतीपासून दीड मीटरवर आणले की हाच आवाज साडेतीन मीटर फिरून येतो, थेट आवाजाच्या सुमारे ५ मिलिसेकंद मागून. पुढच्या तोंडाचा आवाज टीव्हीच्या भिंतीवरून परत येतो तो जवळजवळ १५ मिलिसेकंद उशिरा. वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या उशिराने आलेले हे आवाज मिळून खोली भरल्याची जाणीव होते. दीड मीटर जमत नसेल तर एक मीटर हा माझ्या मते खालचा टप्पा. तिथे उशीर अडीच मिलिसेकंदांच्या आसपास पडतो आणि काम निभावतं. त्याहून कमी असेल तर डायपोलचा हट्ट सोडावा.

सोफा पुढे घेतल्याने बाकी काही बिघडत नाही, उलट सुधारतं. ६५ इंची पडदा ४.४ मीटरवरून बघताना नजरेत १८-१९ अंश भरतो, ३.३ मीटरवरून २४-२५. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बास घुमतो तोही बराच उतरतो, कारण खोलीचे खालचे सूर भिंतीलगत सर्वांत जोरात असतात. सोफ्यामागे तीन-साडेतीन फूट वाट मोकळी राहील. तिथे बुटकी पुस्तकांची मांडणी ठेवलीत तर अजून छान. उंचसखल पुस्तकांवरून आवाज विखुरतो, आणि तेच हवं आहे. त्या भिंतीला फोमचे चौकोन चिकटवू नका. फोम आवाज शोषतो, आणि डायपोलचं अर्धं काम त्या भिंतीवर अवलंबून आहे.

जागा आखताना टेप मागच्या भिंतीपासून धरू नका. फ्लॅटच्या भिंती नेहमीच काटकोनात नसतात. सोफा कायमच्या जागी ठेवा, सिनेमा बघताना जसे रेलून बसता तसे बसा आणि दुसऱ्या माणसाला टीव्हीच्या भिंतीपासून तुमच्या कानाच्या भोकापर्यंत अंतर मोजायला सांगा. सोफा रिक्लायनर असेल तर पाय वर घेऊन, पाठ मागे टाकूनच मोजा. ताठ बसल्यावर आणि रेलल्यावर डोक्याच्या जागेत २५-३० सेंमीचा फरक सहज पडतो, म्हणजे आपल्याला परवडणारी सगळी चूक एवढ्यातच संपते. हे अंतर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टीव्हीच्या भिंतीपासून मोजून पेन्सिलीने खूण करा, ओळंबा सोडून उभी रेघ मारा. मग एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत दोरी ताणा. ती तुमच्या दोन्ही कानांवरून गेली पाहिजे आणि टीव्हीच्या भिंतीला समांतर असली पाहिजे. स्पीकरच्या डब्याचा मध्य त्या उभ्या रेघेवर येईल, ब्रॅकेटचा मध्य नव्हे. काही डब्यांत टांगायची खाच मध्यावर नसते, त्यामुळे आधी डबा उलटा करून खाचेचं अंतर मोजून घ्या.

उंची. सोफ्यावर बसल्यावर कान साधारण ९५ ते १०० सेंमीवर येतो. डब्याचा मध्य १६५ ते १८० सेंमीच्या दरम्यान ठेवा, म्हणजे साडेपाच ते सहा फूट. कानाच्याच पातळीला ठेवला तर कडेला बसलेल्या माणसाच्या डोक्याआड तो जातो आणि पलीकडच्यांना कमी ऐकू येतो. शिवाय कडेच्या माणसाच्या अगदी कानाशी डबा येतो. फार वर नेला, तुमच्या इंटिरियरवाल्यांनी सुचवला तसा आठ फुटांवर, तर छतावरचं परावर्तन इतकं जवळून आणि जोरात मिळतं की सगळा सराउंड डोक्यावरून येतो. डब्याच्या वरच्या कडेपासून फॉल्स सीलिंगपर्यंत निदान दीड-दोन फूट मोकळे सोडा. ज्या कोव्हमध्ये लाइट लपवले जातात त्याच्या ओठाखाली डबा घुसवणं तर टाळाच, तिथे पीओपीची पातळ कड आवाजाबरोबर खडखडते.

आता तोंड. बहुतेक लोक चुकतात ते इथे. डायपोलची जोडी आरशातल्या प्रतिमेसारखी असते, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. सर्वसाधारण पद्धत अशी की ज्या तोंडाची फेज सरळ आहे ते पडद्याकडे, उलट फेजचं मागे. डब्यामागे ‘एल’ किंवा ‘आर’ लिहिलेलं असतं, किंवा पडद्याच्या दिशेने बाण काढलेला असतो. तो बाण पाळा. दोन्ही डबे डावेच लावले गेले किंवा एक डबा उलटा टांगला गेला, तर डावीकडचा पुढे फेकलेला आवाज सरळ आणि उजवीकडचा उलटा होतो. दोन्ही सराउंडमध्ये सारखं असलेलं सगळं मग मधल्या जागेवर एकमेकांना खातं आणि सोफ्याच्या बरोबर मध्यावर बसलेल्या माणसाला सगळ्यांत वाईट ऐकू येतं. दोघांची अदलाबदल झाली तर नुकसान कमी, पण गाडी पडद्यावरून बाजूला सरकते तेव्हा पुढचा स्पीकर आणि सराउंड यांच्यामध्ये आवाजाला भोक पडतं.

जुन्या जोडीचं लेबल गळून गेलेलं असू शकतं. जाळी काढा. दोन्ही तोंडांना डोळ्यांना दिसतील असे मिडरेंज (मधल्या सुरांचे) कोन असतील तर १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, स्पीकरच्या लाल टर्मिनलला सेलचा धन, काळ्याला ऋण, क्षणभर टेकवा आणि काढा. जो कोन बाहेर उडी मारतो ते सरळ फेजचं तोंड. स्विच ‘डायपोल’वर असताना दुसऱ्या बाजूचा कोन आत गेला पाहिजे. वूफर एकच आणि समोर तोंड केलेला असेल तर तो यात धरू नका. बाजूंना नुसते ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) असतील तर डोळ्यांना काही दिसणार नाही, तेव्हा त्या मॉडेलचं मॅन्युअल बघणं हाच मार्ग. डबा खरोखर डायपोलवर आहे का, हे मात्र कानानेही कळतं: त्यावर टेस्ट टोनची खरखर चालू करा आणि त्याच्यासमोरून या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जा. मध्यावरून जाताना आवाज स्पष्टपणे बसला पाहिजे. स्विच बायपोलवर (दोन्ही तोंडं एकाच फेजमध्ये) टाकून तेच करा, तो खड्डा नाहीसा होईल. पोल्कची एफएक्सआय मालिका, मॉनिटर ऑडिओचा ब्राँझ एफएक्स असे हे स्विचवाले डबे आहेत. क्लिप्शचे दोन दिशांना तिरके हॉर्न असलेले सराउंड दिसायला तसेच, पण ते डायपोल नाहीत. त्यांच्यावर नलचे नियम लावू नका.

भिंतीला भोक पाडण्यापूर्वी एक संध्याकाळ तात्पुरती मांडणी करून ऐका. दोन घोडे किंवा उंच स्टूल भिंतीलगत ठेवून त्यांवर डबे रचा, पाठ भिंतीला टेकलेली हवी, कारण भिंतीवर लावण्यासाठी केलेला डायपोल भिंतीपासून सुटा ठेवला की त्याचा आवाज वेगळाच होतो. रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) टेस्ट टोनने फक्त डावा सराउंड चालू करा. जागेवर बसून डोकं हळूहळू पुढे न्या, मग मागे. पुढे गेलात की आवाज ‘डब्यात’ जमा होतो, तीक्ष्ण होतो. मागे गेलात तरी तसंच. या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी येते की आवाज पातळ होऊन पसरतो आणि दिशा सांगता येत नाही. ती जागा तुमच्या नेहमीच्या बसण्याशी जुळेपर्यंत डबा पाच-पाच सेंमी सरकवा. मग उजवीकडे तेच. पंखा आणि एसी बंद ठेवून हे करा. सिनेमा बघतानाही पंखा पूर्ण वेगात असेल तर सराउंडमधले बारीक आवाज त्याच्या घरघरीत बुडतात, आणि दोष स्पीकरवर येतो.

उजवीकडच्या काचेचं काय? तुमचा दरवाजा टीव्हीच्या बाजूला आहे आणि कानाची रेषा टीव्हीपासून सुमारे ११ फुटांवर पडेल, म्हणजे डबा लावायच्या जागी पक्की भिंत आहे. हे नशीब. काच स्वतः आवाज चांगला परतवते, अडचण तिच्यावरच्या जाड पडद्याची असते. डावीकडे उघडी भिंत आणि उजवीकडे सहा फूट रुंद दुपदरी पडदा असेल तर उजव्या डायपोलची पुढची फेक बोथट होते, वरचे सूर निघून जातात. पण काचेवर पडदाच ठेवला नाही तर पुढच्या उजव्या स्पीकरचा आवाज काचेवरून टणकपणे उसळतो आणि संवाद कडक होतात. मधला मार्ग असा: सोफ्यावर बसून दुसऱ्याला काचेवरून आरसा फिरवायला सांगा. ज्या ठिकाणी आरशात उजवा पुढचा स्पीकर दिसतो, त्याच्या आजूबाजूचा तीनेक फुटांचा भाग पडद्याने झाका आणि बाकीचा पडदा बाजूला गोळा करा. डाव्या भिंतीवर त्याच जागी तेवढ्याच रुंदीचा जाड कापडी फलक लावला की दोन्ही बाजू सारख्या होतात. त्याच्या मागचा भाग, म्हणजे फलकापासून डायपोलपर्यंत आणि डायपोलपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत, मोकळा हवा. डब्याच्या दोन्ही तोंडांसमोर निदान तीन फुटांच्या आत उंच कपाट, एसीचं युनिट किंवा बाहेर आलेला कॉलम नको. टीव्हीमागची भिंत पूर्ण कापडी पॅनेलने मढवायचा बेत असेल तर तोही आवरा.

एखाद्या घरात एका बाजूला भिंतच नसते, हॉल सरळ जेवणघरात उघडतो. तिथे एका भिंतीवर डायपोल आणि दुसरीकडे छतावरून लोंबकळता डायपोल असा घाट घालू नये. दोन्ही बाजूंना एकसारखे साधे, समोर तोंड असलेले छोटे स्पीकर लावणं केव्हाही बरं.

भिंतीचं काम. डबे चार ते सात किलोंचे असतात. भिंत सिपोरेक्स ब्लॉकची असेल तर ड्रिलचा हॅमर बंद करून भोक पाडा, नाही तर ते मोठं होतं आणि साधी गिट्टी फिरत राहते. अशा ब्लॉकसाठी वेगळे, आडव्या पात्यांचे लांब नायलॉन प्लग मिळतात, ते वापरा. पक्क्या विटेत ८ मिमीचा प्लग आणि ५० मिमीचा स्क्रू पुरतो, पण गिलाव्याची जाडी सोडून पकड विटेत हवी. आरसीसी कॉलम लागला तर हॅमरशिवाय इलाज नाही. डब्याच्या पाठीला चार कोपऱ्यांत रबराच्या बटनांच्या गाद्या चिकटवा, बऱ्याच ‘फाटलेल्या स्पीकर’च्या तक्रारी डबा भिंतीवर थरथरल्याच्या असतात. वायर १.५ चौरस मिमीची तांब्याची दोन कोरची पुरेशी आहे. आठ मीटरच्या धावेत जाऊन-येऊन तिचा विरोध ०.२ ओहमच्या आसपास राहतो. ती २३० व्होल्टच्या पाइपमधून नेऊ नका. दोन्ही टोकांना लाल-काळा नीट पाळा. एका डायपोलची वायर उलटी जोडली गेली की तो डबा उलटा टांगल्यासारखीच गत होते, आणि नुसतं ऐकून ती सहज पकडता येत नाही.

रिसीव्हरची सेटिंग. सराउंड ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झ. वूफर चार इंची असेल तर १०० ते १२०. ऑटो कॅलिब्रेशन (माइक लावून रिसीव्हर स्वतः करतो ती जुळवणी) चालवलंत की ऑडिसी ही प्रणाली ‘फेज’ची तक्रार करेल, यामाहाचं वायपीएओ ‘आउट ऑफ फेज’ म्हणेल. माइक नलमध्ये आहे, त्याला उलटसुलट ऐकू येणारच. वायर एकदा तपासा आणि पुढे जा. अंतराचा आकडा मात्र तपासलाच पाहिजे. थेट आवाज दबलेला असल्याने माइक कधीकधी मागच्या भिंतीवरून आलेला आवाज पहिला धरतो आणि १.८ मीटरऐवजी २.७ किंवा ३.५ मीटर लिहितो. रिसीव्हर मग सराउंडचा आवाज लवकर सोडतो आणि पुढच्या स्पीकरमधले संवाद बाजूला ओढले जातात. टेपने मोजलेलं अंतर हाताने घाला. आकडा ३०-४० सेंमीनेच वेगळा असेल तर आहे तसा राहू द्या.

पातळी ७५ डेसिबलवर, ध्वनिमापकावर सी वेटिंग आणि स्लो लावून जुळवा. फोनवरच्या ॲपचा आकडा पक्का नसतो, पण एका स्पीकरशी दुसऱ्याची तुलना त्यावर होते, तेवढी पुरेशी आहे. फोन एका जागी न धरता डोक्याच्या आसपास फूटभर हळू फिरवा आणि सरासरी पाहा. सराउंडला इतरांपेक्षा ३-४ डेसिबल जास्त द्यावे लागले तर घाबरू नका, डायपोलमध्ये ते होतं. मात्र त्यापुढे केवळ ‘ऐकू यावं’ म्हणून वाढवू नका. वाढवत नेलंत की नलची कमतरता भरून निघते आणि डबा पुन्हा दिसायला लागतो. डावा आणि उजवा यांत ३ डेसिबलहून जास्त फरक लागत असेल तर सेटिंगने झाकू नका, एका बाजूचा पडदा किंवा कपाट शोधा. आणखी एक. फिरून आलेल्या आवाजात वरचे सूर मुळातच कमी असतात. ऑटो ईक्यूला (सुरांच्या आपोआप होणाऱ्या दुरुस्तीला) हा दोष वाटतो आणि ते वर पाच-सहा डेसिबल चढवतं, मग पावसाचा आवाज तळणीसारखा चरचरतो. ऑडिसीचं एडिटर ॲप असेल तर सराउंडसाठी दुरुस्तीची मर्यादा ५०० हर्ट्झच्या आसपास बांधून टाका.

सगळं करूनही काही खटकलं तर ते कसं खटकतं त्यावरून कारण बहुतेक कळतं. कानात दाब आल्यासारखं, डोकं पोकळ झाल्यासारखं वाटत असेल तर खोली फार शोषून घेते आहे. नल आहे, पण त्याची जागा भरायला परावर्तन नाही. जाड गालिचा, कापडी पॅनेल, पडदे यांतलं काहीतरी कमी करा. आवाज सतत मागच्या एका कोपऱ्यातून येत असेल तर सोफा अजून भिंतीजवळ आहे किंवा त्या बाजूचा डबा कानाच्या मागे गेला आहे. मध्यावर बसल्यावर सराउंड गायब आणि कडेला बसल्यावर ठीक, तर तोंडं किंवा वायर चुकली आहे.

सोफा हलवणं शक्यच नसेल तर स्विच बायपोलवर टाका. दोन्ही तोंडं एकाच फेजमध्ये वाजतील, नल राहणार नाही, आवाज रुंद राहील. हे डबे मग कानाच्या रेषेवरून थोडे पुढे, ८० ते ९० अंशांवर, उंची तीच. मागच्या भिंतीलगत बसलेल्या माणसाला बायपोल डायपोलपेक्षा निश्चितच चांगला ऐकू येतो. सोफ्यामागे खुर्च्यांची दुसरी रांग असेल तरीही बायपोलच घ्या आणि दोन रांगांच्या मध्ये लावा, कारण डायपोलचा नल दोन्ही रांगांना एकाच वेळी मिळत नाही. मल्टिचॅनल संगीत जास्त ऐकणार असाल तर तिथे डायपोल कमीच पडतो. त्या मिश्रणात वाद्यं ठरावीक जागी ठेवलेली असतात. काही जुन्या वरच्या दर्जाच्या डेनॉन रिसीव्हरमध्ये सराउंड ए आणि बी अशा दोन जोड्या याचसाठी दिलेल्या असत, एक सिनेमासाठी आणि एक गाण्यांसाठी.

आता ॲटमॉस. डायपोल ज्या काळात घरी आला तेव्हा डॉल्बी प्रो लॉजिक या सराउंड पद्धतीत सराउंडचा मिळून एकच चॅनल असे, तोही ७ किलोहर्ट्झला कापलेला. थिएटरात तो चॅनल भिंतीभर लावलेल्या अनेक स्पीकरमधून पसरायचा. घरी दोनच डबे, म्हणून टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने १९९० च्या सुमारास आपल्या होम थिएटरच्या अटींत डायपोलला जागा दिली. २०१४ पासून घरात आलेल्या ॲटमॉसचा हिशेब याच्या उलट आहे. त्यात एखादा आवाज अमुक जागी आहे असं सांगितलेलं असतं आणि ती जागा दाखवायला थेट तोंडाचे, कानाच्या पातळीजवळचे स्पीकर लागतात. सहा फुटांवरचा पसरट डायपोल आणि छतातला स्पीकर यांच्यात उंचीचा फरकच कळत नाही. म्हणून ॲटमॉस घ्याल त्या दिवशी ही जोडी उतरवावी लागेल, आणि ती उतरवायला संकोच करू नका. तोपर्यंत ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) किंवा जुन्या सिनेमांसाठी ती आनंदाने वापरा.

सीलिंग उघडं आहे तोवर पाइप टाकून घ्या, नंतर पीओपी फोडणं महाग पडतं. दोनच छतातले स्पीकर ठेवायचे असतील तर ते सोफ्याच्या किंचित पुढे, चार ठेवायचे असतील तर दोन पुढे, दोन मागे, कानापासून वर साधारण ४५ अंशांवर. या चारही जागी सीलिंगच्या फ्रेमवर फूटभर जास्त वायर गुंडाळून सोडा आणि पीओपी बंद होण्याआधी टीव्हीची भिंत धरून मापांसह फोटो काढून ठेवा. बाजूच्या भिंतींवर डायपोलचा पाइप आहे तसाच खाली वाढवून कानाच्या उंचीला, पण रेषेच्या थोडं मागे, १०० ते ११० अंशांवर, एकेक रिकामा बॉक्स बसवा आणि त्यात वायर काढून झाकण लावा.